आशाताई, त्या चिकटपट्टीबद्दल आभार

ताई,

बाळ आता पालथं पडायला लागलंय, माझे टाकेही सुकले, तरी तुमचे आभार मानायचे राहिलेच. तुम्ही समोर आलात की मला नुसतं रडू येतं, म्हणून लिहिते.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असल्याचं आलं होतं. पोट वाढतं तशी ती पुष्कळदा वर सरकते, हे खरं. पण माझं आधीचं सिझर, त्यात सातव्यात डाग दिसायला लागले. ज्या मोठ्या डॉक्टरांकडे नाव घातलं होतं, त्यांनी मान वर न करता विचारलं, 'दुखतं का?' नाही म्हटलं. 'मग काही होत नाही. आराम करा.' अहो, वार खाली असली की रक्त न दुखताच जातं! हे मला तुमच्याकडून कळलं. फी मात्र त्यांनी घेतली. घरच्यांनी तोवर देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. त्याबद्दल तक्रार नाही, देवाने निदान ऐकून तरी घेतलं.

तुम्ही सोनोग्राफीवाल्या मॅडमना फोन लावून एकेक गोष्ट विचारून घेतलीत. मग आमच्या पडवीत बसून फाईलवर लाल पेनाने ठळक लिहिलंत, 'वार तोंडावर. आधीचं सिझर. आतून तपासू नये.' वर पारदर्शक चिकटपट्टी लावलीत आणि नखाने तिच्यातले बुडबुडे काढत बसलात. मला हसू आलं, तर म्हणालात, 'हसतंस कित्याक गो? पावसात शाई फुटतली.'

आषाढातल्या त्या रात्री गादी रक्ताने भिजली. १०८ आली. वाटेतल्या दवाखान्यात ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने हातमोजे चढवले, तेवढ्यात ह्यांनी फाईल पुढे केली. पाणी तिच्यावरून निथळत होतं, अक्षर जसंच्या तसं. त्याने वाचलं आणि मोजे काढले. 'इथे तपासायचं नाही. सलाईन लावा, थेट बांबोळी, गोव्याचं मेडिकल कॉलेज.' आतून बोट लागलं असतं तर वार सुटून किती रक्त गेलं असतं, ते मला नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पुढचं मला तुटकच आठवतं. रक्ताच्या पिशव्या लागल्या. ते रक्त कोणी दिलेलं, कधीच कळणार नाही. त्यांनाही हात जोडते. बाळ लवकर आलं, काचेच्या पेटीत राहिलं, पण आलं.

हुशार माणसं आपल्याकडे कमी नाहीत, ताई. दुसऱ्याच्या फाईलवर पाऊस पडेल याचा विचार करणारी थोडी. तुमच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हे मला मागाहून समजलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

या पत्राची एक प्रत तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात देणार आहे. शाल-श्रीफळ देतील, फोटो काढतील. काढू देत. पण त्याआधी ताईंचं थकलेलं मानधन द्या, असं त्यात अगदी वरच लिहिलंय.