हायडेलबर्गहून, बाबांच्या रिपोर्टबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रक्तात तपासतात त्या सीईए प्रथिनाचा तुमचा रिपोर्ट पाहिला. 2.1 चा 2.8 झाला म्हणून तुम्ही रात्रभर जागलात, असं आई म्हणाली. एवढा फरक पडतोच आणि लॅब बदलली की हमखास पडतो. दोन्ही आकडे नॉर्मलमध्येच आहेत. रिपोर्ट सर्जनना दाखवा आणि यापुढे एकाच लॅबमध्ये तपासा. आकडा दर वेळी चढत गेला, तरच पुढचा विचार करायचा.

आई, मी इथे नेमकं काय करते, ते सांगते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असतात. फुगडीत दोघींचे हात गुंततात ना, तसं दोन्ही पेशींवरचं हे प्रथिन एकमेकांत अडकतं, आणि पकड टिकायला कॅल्शियम लागतं. रंगवलेल्या स्लाइडवर निरोगी पेशीभोवती ठळक तपकिरी रेघ दिसते. कॅन्सरची गाठ जिथे आत घुसते, त्या कडेला अनेकदा ती फिकी, तुटक होते आणि दोन-चार पेशी सुट्या पडलेल्या दिसतात. अशाच पेशी पुढे लसिकाग्रंथीत किंवा रक्तातून लिव्हरमध्ये जाऊ शकतात. आतड्याचं रक्त आधी लिव्हरकडेच जातं, म्हणून डॉक्टर सारखं लिव्हर बघतात. पण लिव्हरमधल्या गाठीत हीच रेघ कधी कधी पुन्हा ठळक होते! म्हणून एकट्या ई-कॅडहेरिनवरून आजार पसरेल की नाही, ते सांगता येत नाही. सीईएही पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनांच्याच कुळातलं. गोल्ड आणि फ्रीडमन यांनी ते 1965 मध्ये माँट्रियलला शोधलं. पण त्याचा आकडा सिगारेटनेही वाढतो. बाबा, ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, तुमच्या 18 लसिकाग्रंथी तपासल्या, एकीतही कॅन्सर सापडला नाही. किमान 12 तपासाव्या लागतात. माझा भरवसा त्या ओळीवर आहे, तुम्हीही तीच वाचा.

आणि नाही आई, मला यातून काही होणार नाही. कॅन्सर असा लागत नाही. स्लाइडवरचा तुकडा फॉर्मॅलिनमधून काढून मेणात बसवलेला असतो, त्यात जिवंत काहीच नसतं. जेवणही नीट होतं, खरंच.

इथली एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. बाहेर बर्फ असताना घरमालकीण आजी सगळ्या खिडक्या सताड उघडतात. फट ठेवलेली चालत नाही, सताडच! समोरासमोरच्या खिडक्या, आधी हीटर बंद, पाच मिनिटं वारा, मग खिडक्या लावून हीटर सुरू. हे सकाळ-संध्याकाळ. भाड्याच्या करारातसुद्धा लिहिलंय, नाहीतर भिंतींना बुरशी येते म्हणे. तोवर मी स्वेटर, शाल घालून स्वयंपाकघरात उभी. आई, तू असतीस तर त्यांना चांगलंच सुनावलं असतंस.

पैसे पाठवलेत. ते माझ्या नावाने एफडीत टाकू नका, तपासण्यांसाठीच आहेत. दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही, रजा लग्नासाठी राखून ठेवलीय. वहिनीसाठी लक्ष्मी रोडवरून माझ्यातर्फे पैठणी घे, रंग तिलाच निवडू दे. ऑपरेशनच्या वेळीही मी नव्हते, हे मनातून जात नाही, पण त्यावर फोनवर रडायला नको. कोथरूडच्या त्या स्थळाशी मी बोलेन, फक्त पत्रिका आत्ताच देऊन टाकू नकोस.

बाबा, ऑपरेशनला वर्ष होत आलं, आता कोलोनोस्कोपी करायची आहे. लग्नाच्या गडबडीचं कारण चालणार नाही. या आठवड्यात तारीख घ्या आणि मला कळवा, मी दादालाही बजावलंय.

तुमची,
मनू