रझांची निसर्गचित्रे ५० लक्समध्येच दाखवा

महोदय,

चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटले की लोकांना त्यांच्या चित्रांतला बिंदू, म्हणजे मोठा गोल ठिपका, आठवतो. त्याआधीची निसर्गचित्रे मागे पडतात. नागपूर आणि जे. जे.मध्ये शिकलेले रझा १९४०च्या दशकात मुंबईचे रस्ते जलरंगांत व गॉशमध्ये (अपारदर्शक जलरंगांत) रंगवत. १९४८मध्ये काश्मीरला भेटलेल्या फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी चित्रातली बांधणी फ्रेंच चित्रकार सेझानच्या कामातून शिका, असे सुचवले. १९५०ला रझा पॅरिसला गेले. तिथे तैलरंगाचे थर जाड झाले, फ्रान्समधली गावे लाल-काळ्या रंगांत पेटू लागली. त्या लालात रझांचे बालपण गेलेल्या मंडल्याचे जंगलही आहे, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवातीची ती जलरंग-गॉशची चित्रे कागदावरची, म्हणूनच प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती. कागदावरच्या कामावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) जास्त प्रकाश नको. उडालेला रंग परत येत नाही आणि नाजूक गुलाबी-जांभळे आधी जातात. गॉश काचेला टेकू देऊ नका. दमट हवेत तो चिकटतो, काच काढताना रंगही सुटतो. जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून मध्ये तीन-चार मिलिमीटर जागा सोडा. माउंट आम्लमुक्तच हवा, साध्या पुठ्ठ्याने कडा पिवळ्या पडतात.

– एक वाचक, नागपूर