मागच्या जन्माआधी आज्जीची गोष्ट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक पडलं. ‘पूर्वजन्मात जा, या जन्मातलं दुखणं मुळापासून बरं करा.’ दोन दिवसांचं शिबिर, जागा मर्यादित, खाली मोबाईल नंबर. पत्रकं पेपर टाकणारी मुलं घालतात, संपादकांचा त्यात हात नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. तीन वर्षांपूर्वी असंच एक पत्रक मी घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर फोन केला होता.

माझं वय ६२. इथं बेळगावात राहते; मराठी प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं, आता घरीच असते. मे २०२१ मध्ये माझे पती कोविडमध्ये गेले. दवाखान्यात नेल्यापासून अकराव्या दिवशी. त्या अकरा दिवसांत मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही मुलाच्या मोबाईलवर. वॉर्डातल्या कुणीतरी फोन धरला होता. तोंडावर मास्क, आणि हात ओठांकडे नेऊन ते काहीतरी मागत होते. मुलगा म्हणाला, “आई, पाणी मागतायत.” तेवढ्यात फोन तुटला.

त्यानंतर माझी झोप उडाली. रात्री अडीचच्या सुमाराला घसा कोरडा पडून जाग यायची आणि पाणी तोंडाला लावलं की उमाळा यायचा. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी दोन महिन्यांत झोप लागू लागली. घशाचं मात्र जाईना. म्हणून ते पत्रक.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांचा गैरसमज होणार नाही. पुनर्जन्म मी मानते. आमच्या घरात माळ आहे, वडिलांनी पंढरीची वारी कधी चुकवली नाही. माझी जैन मैत्रीण आहे, तिच्याकडे मागच्या जन्माच्या आठवणीला ‘जातिस्मरण’ असा शब्दच आहे. तेव्हा श्रद्धेची टिंगल करायला मी हे लिहीत नाही.

शहरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर ते केंद्र होतं. बाहेर खुर्च्यांवर खानापूरकडची, निपाणीकडची माणसं बसलेली. निपाणीच्या एक बाई विड्या वळणाऱ्या होत्या, त्यांच्या मुलीला फिट यायच्या. एका बैठकीचे साडेतीन हजार रुपये. त्यांनी ते कसे उभे केले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही.

आत मला कॉटवर निजवलं. डोळे मिटा, अंग सैल सोडा, दहापासून उलटे आकडे, मग पायऱ्या उतरा, खाली एक दार आहे ते उघडा. “आता आपल्या पायांकडे बघा. पायांत काय आहे?” मी म्हणाले, काही नाही, अनवाणी आहे. “कुठे आहात?” माळावर. “आजूबाजूला काय?” झोपड्या. मग एका झोपडीत एक पोर दिसली, आठ-नऊ वर्षांची, गोधडीवर पडलेली. शेजारी पितळी तांब्या, पण आडवा. मी ढसाढसा रडले. पती गेल्यापासून तशी रडले नव्हते. ते रडणं खरं होतं आणि त्यानं मला हलकं वाटलं, हे मी नाकारणार नाही. त्या रात्री मी सलग सात तास झोपले.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं, “ती मुलगी या जन्मात तुमच्या ओळखीची कोण आहे?” मला काही दिसत नव्हतं. “नीट बघा, डोळे कुणाचे आहेत?” मी गप्प. “तुमचे पती तर नाहीत?” आणि त्याक्षणी मला दिसलं, की हो, तेच. मग निकाल लागला. मागच्या जन्मी मी त्या पोरीची आई, भीतीनं तिला पाण्यावाचून एकटी टाकून निघून गेले, म्हणून या जन्मी तोच जीव पाण्यावाचून माझ्यापासून गेला. कर्माचा हिशेब. आता क्षमा मागितली की संपलं, मुळावर इलाज झाला, गोळ्यांची गरज उरणार नाही.

संपादक महोदय, नवरा गेलेल्या बाईला ‘तूच त्याला तहानलेला मारलंस’ असं सांगितलं तर ती घरी जाऊन काय करेल? मी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. आठवडाभरात डोकं गरगरू लागलं, डोक्यात विजेसारखे झटके, झोप पार गेली. देवासमोर बसून मी सारखी माफी मागत होते. मुलानं तसंच उचलून डॉक्टरांकडे नेलं. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

आता जे सांगते त्यासाठीच हे पत्र आहे. त्या बैठकीचं रेकॉर्डिंग त्यांनी मोबाईलवर दिलं होतं. दिवाळीत मी वडगावला माझ्या आत्याकडे गेले, तिचं वय तेव्हा ८५. तिला ऐकवावं असं काही मनात नव्हतं. मी एकटीच ऐकत बसले होते, ती शेंगा सोलत होती. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येतो, “घरघर काहीतरी फिरल्याचा आवाज येतोय.” समोरून विचारतात, “बैलगाडी आहे का?” मी म्हणते, “असेल.” आत्या शेंगा ठेवून म्हणाली, “बैलगाडी कुठली? रहाट तो! कांड्या भरायचा रहाट.” पुढे माझं वाक्य आहे, “तांब्या कलंडला होता.” ते मोबाईलमधून पुरतं बाहेर पडायच्या आत आत्यानंच संपवलं. “…पण ओठ ओले होते तिचे. आईचं बोलणं की गं हे! असंच म्हणायची ती.”

आत्याची आई, म्हणजे माझी आज्जी, विणकरांच्या घरातली. विणायचं सूत कांड्यांवर गुंडाळायचा तो रहाट. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, पलीकडे बेळगावात इंग्रजी अंमल. प्लेगच्या साथी फिरून फिरून येत. घरात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. आज्जी तेव्हा अंगावर पिणारी. तिच्या थोरल्या बहिणीला गाठ आली. तिला वेगळ्या झोपडीत ठेवलं, आणि अंगावर लेकरू म्हणून आईला तिच्याजवळ जाऊ देईनात. रात्री सगळे निजले की आई तांब्या भरून सरपटत जायची. शेवटच्या रात्री ठेवून आली. सकाळी तांब्या कलंडलेला, दगडावर आपटून काठाला पोचा आलेला, पण पोरीचे ओठ ओले होते. आज्जीनं हे आपल्या आईकडून ऐकलं आणि रहाटावर कांड्या भरता भरता आम्हा नातवंडांना कितीदा तरी सांगितलं. तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. पुढे साफ विसरले.

आत्या उठली, तुळशीकट्ट्याजवळचा तांब्या घेऊन आली. रोज त्यानंच तुळशीला पाणी घालते. काठाला अंगठा बसेल एवढा पोचा. तो तांब्या मी लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी पाहिला नव्हता.

म्हणजे माझ्या मनानं खोटं काही रचलं नव्हतं. माझं दुःख सांगायला मनानं घरातलीच एक गोष्ट शोधून काढली, जिच्यात पाणी होतं, तहान होती, अडवलेली आई होती. ते माझं मलाच कळायला हवं होतं. पण गोष्टीचा शेवट त्या खोलीत तुटला आणि तुटल्या जागी दुसऱ्याच माणसानं आपला शेवट जोडला. आज्जीच्या गोष्टीत आई टाकून गेलेली नाही. ती सरपटत गेलेली आहे.

नंतर मी याबद्दल मिळेल ते वाचलं. शिक्षिकेची सवय. १९५२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत संमोहनाखाली एक गृहिणी सांगू लागली, की मागच्या जन्मी ती आयर्लंडमधली ब्रायडी मर्फी होती. १९५६ मध्ये त्यावर पुस्तक निघून गाजलं. मग वार्ताहरांनी शोध घेतला, तेव्हा शिकागोत तिच्या लहानपणीच्या घरासमोरच एक आयरिश बाई राहत होती आणि तिचं माहेरचं नाव ब्रायडी मर्फी होतं, असं निघालं. हे वाचताना मला आज्जीचा रहाट ऐकू आला. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात २४ जणांना घरच्यांच्या हवाल्यानं सांगितलं, की तुम्ही लहानपणी दुकानांच्या संकुलात हरवला होता. तसं काहीच घडलेलं नव्हतं. तरी सहा जणांना ते थोडंफार किंवा पुरतं ‘आठवलं’. साधं जागेपणी विचारून ही गत, तर डोळे मिटून कॉटवर पडलेल्या माणसाला “तुमचे पती तर नाहीत?” असं विचारल्यावर काय होणार?

पुनर्जन्माचा ज्यांनी जन्मभर मनापासून अभ्यास केला, ते व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन भारतात पुष्कळदा आले. मागचा जन्म आपणहून सांगणाऱ्या लहान मुलांची शेकडो उदाहरणं त्यांनी तपासली. आपल्या नागपुरातल्या एक मराठी बाई १९७४ च्या सुमाराला एकाएकी बंगाली बोलू लागल्या, तेही त्यांनी अभ्यासलं. पण संमोहनातून काढलेल्या पूर्वजन्माच्या आठवणींवर त्यांचाही भरवसा नव्हता. आणि आपल्याकडे गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझे-माझे पुष्कळ जन्म होऊन गेले, ते सगळे मी जाणतो, तू जाणत नाहीस. हा श्लोक मला पाठ होता. तरी मी कॉटवर निजले, कारण माझं दुःख मराठीत बसून ऐकून घेणारं दुसरं कुणी मला भेटलं नव्हतं.

हेही लिहायलाच हवं. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या मराठी बायकांना दवाखान्यात कन्नडमध्ये चार प्रश्न विचारले जातात. ‘पोटात दुखतंय’ एवढं त्या कन्नडमधून सांगू शकतात, बाजारहाट तर सगळा त्या भाषेतच करतात. पण ‘मी त्यांना पाणी देऊ शकले नाही’ हे वाक्य माणूस ज्या भाषेत रडतो त्याच भाषेत बाहेर येतं. त्या केंद्रात माझं मराठी कुणी अडवलं नाही, दीड तास घाई न करता ऐकलं. तिथली गर्दी काही निव्वळ भाबडेपणाची नाही. डॉक्टरांकडे मला सात-आठ मिनिटं मिळायची, बाहेर रांग असायची.

तेव्हा वाचकांना विनंती. ज्याच्याकडे जाताय त्याला विचारा, मानसोपचाराची कुठली पदवी आहे, ती कुठून घेतली. गोळी बंद कर म्हणाला तर तिथून उठा, फिटच्या गोळ्या तर कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांत बोलता येतं. फोन उचलल्यावर मराठी हवं म्हणून सांगा. ज्यांना जाणं जमेल त्यांच्यासाठी धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. घरात जुनं माणूस असेल, तर त्याच्याजवळही बसा.

घशाचा त्रास माझा पुरता गेलेला नाही. कमी आहे. माझ्या नवऱ्याचे ओठ शेवटी ओले होते की नाही, हे मला कधी कळणार नाही आणि ते कुठल्या जन्मात जाऊन कळेल असंही आता वाटत नाही. ज्या मोबाईलवर ते रेकॉर्डिंग होतं त्याच मोबाईलवर मी आत्याच्या गोष्टी उतरवून घेते आहे. ती आता ८८ ची आहे, दुपारी तिला बरं बोलवतं.

आपल्याकडे मागणं दोन गोष्टींचं. एखाद्या रविवारी, त्या पत्रकाच्या जागी, आपल्या भागातल्या मराठी बोलणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडून आठवणी कशा बनतात यावर लेख लिहून घ्या. आणि एजंटांना सांगा, ‘मुळापासून बरं करू’ असं लिहिलेलं पत्रक आलं तर खाली डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, एवढं बघूनच ते अंकात घाला.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)