सूचना : व्हीएमसीचा झेड अक्ष (टूलची खाली-वर चाल) तपासून होईपर्यंत जॉब लावू नयेत

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, आपल्या वर्कशॉपमधील व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणकचालित मिलिंग मशीनवर) जॉबमध्ये कोरलेल्या पॉकेटची, म्हणजे खळग्याची, खोली एकाच प्रोग्रॅममध्ये जॉबगणिक कमीजास्त येत आहे. त्यामुळे मशीनवर लाल पाटी लावली आहे. ती कोणीही काढू नये.

कृपया ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या लांबीची दुरुस्ती) बदलून माप जुळवत बसू नका. त्याने दोष झाकला जातो आणि पुढच्याचा जॉब वाया जातो. आधी स्पिंडलचा टेपर (होल्डर बसतो ते निमुळते भोक) आणि टूल होल्डर पुसून घ्या, पुल स्टड (होल्डरला वर ओढून धरणारा खुंट) घट्ट आहे का पाहा. टेपरमध्ये अडकलेली धातूची एक बारीक चिपसुद्धा टूल नीट बसू देत नाही. मग टेबलवर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून झेड ०.१ मिमीच्या पायरीने खाली-वर न्या. फक्त दिशा बदलताना ठरावीक फरक पडला तर बॅकलॅश (स्क्रू-नटमधला सैलपणा) समजावा. फरक दर फेरीला वाढतच गेला तर बॉल स्क्रूचे (अक्ष हलवणाऱ्या स्क्रूचे) मोटरशी जोडणारे कपलिंग ढिले असण्याची शंका घ्यावी. सकाळी फरक येऊन मशीन तापल्यावर माप स्थिर होत असेल, तर तो उष्णतेचा परिणाम, दुरुस्तीचा विषय नाही.

अलार्म आला तर रिसेट दाबण्यापूर्वी त्याचा क्रमांक वहीत लिहा. ही नोंद नसेल तर मेकॅनिकला अंधारात शोधावे लागते. पॅरामीटरला (मशीनच्या अंतर्गत सेटिंगला) हात लावू नये. एन्कोडर (अक्षाची जागा मोजणारा भाग) बॅटरीचा इशारा दिसल्यास मेन स्विच बंद करू नका, होमची (अक्षाच्या मूळ संदर्भ-बिंदूची) जागा पुसली जाईल, लगेच कळवा.

झाकण उघडण्याचे काम मात्र मेकॅनिकच करतील, तेही वीज तोडून, मेन स्विचला कुलूप लावून.

— वर्कशॉप समिती