सर्व्हरांचा टपालव्यवहार

महोदय,

दोन सर्व्हरांनी एकमेकांना ईमेलने निरोप धाडणे मागासलेपणाचे आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. १९८२ साली प्रमाणित झालेल्या एसएमटीपीमध्ये, म्हणजे ईमेल पोहोचवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, पलीकडचा सर्व्हर बंद असला, तरी पत्र रांगेत थांबते आणि सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहिले जाते, ही सोय आयतीच मिळते. मात्र पोच मिळण्याआधी जोडणी तुटली, तर तेच पत्र दोनदा पोहोचू शकते. आमच्या गोदामात एक मागणी अशीच दोनदा नोंदली गेली आणि साबणाची चाळीस खोकी जास्तीची उतरली. (चूक टपालाची नव्हे, आमचीच!) मेसेज-आयडी (प्रत्येक ईमेलवरची स्वतंत्र ओळखखूण) ताडून दुसरी प्रत बाद करणे आमच्या प्रोग्राममध्ये राहून गेले होते. ओटीपीसारख्या तातडीच्या कामाला मात्र हा मार्ग नको, कारण अनोळखी पत्र मुद्दाम थोपवून धरणारे सर्व्हरही असतात.

– एक संगणक अभियंता, पुणे