फॉरमॅट न करता : संगणक सांभाळणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

आमच्या कार्यालयातील डेस्कटॉप संगणकांच्या तक्रारी आपण ज्या पद्धतीने सोडवल्या आणि सोडवता सोडवता ती पद्धत आम्हालाही शिकवली, त्याबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र जाहीर ठेवण्याचे कारण एवढेच, की आपण सांगितलेल्या गोष्टी विंडोजवर काम करणाऱ्या कोणालाही रोज उपयोगी पडतील अशा आहेत. आपले नाव कोठे येऊ नये अशी आपली इच्छा असल्यामुळे ते लिहिलेले नाही.

बंद पडलेला संगणक चालू करून देणारी माणसे आम्हाला पूर्वीही भेटली होती. ‘नवीन विंडोज टाकून देतो’ असे म्हणून ती संगणक घेऊन जात आणि परत आलेला संगणक काही काळ व्यवस्थित चाले. पण मूळ दोष काय होता हे कोणालाच कळलेले नसे, प्रोग्राम, फॉन्ट आणि प्रिंटर पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागत, आणि दोष एखाद्या सदोष केबलमध्ये किंवा थकलेल्या हार्ड डिस्कमध्ये असेल तर तीच तक्रार पुन्हा उद्भवे. आपण मात्र कीबोर्डला हात लावण्याआधी विचारपूस केली. स्क्रीनवर नेमके काय दिसते, केव्हापासून दिसते, त्याच्या थोडे आधी कोणते अपडेट, प्रोग्राम किंवा नवे उपकरण आले, आणि दुसऱ्या यूजर खात्यातून लॉगिन केल्यावरही तसेच घडते का, एवढे विचारून झाल्यावर निम्म्या तक्रारींची दिशा तेथेच स्पष्ट होत असे. शेवटच्या प्रश्नाचे मोल तर आम्हाला फार उशिरा समजले. दुसऱ्या खात्यात सगळे सुरळीत चालत असेल, तर बिघाड बहुधा त्या एका खात्याच्या मांडणीत असतो आणि अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टीमला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

‘संगणक सुरू होत नाही’ या एका वाक्यात किती वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, हे आपण आम्हाला दाखवून दिले. बटण दाबूनही दिवा लागत नसेल आणि पंखा फिरत नसेल, तर प्रश्न विजेचा, केबलचा किंवा पॉवर सप्लायचा आहे. तेथे विंडोजचा संबंध येत नाही. निर्मात्याचे चिन्ह उमटते पण पुढे ‘बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, तेव्हा प्रथम लावलेले सगळे पेन ड्राइव्ह काढून पाहावेत आणि मग बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रामच्या) यादीत आपली डिस्क दिसते का ते तपासावे. विंडोज येते, लॉगिनही होते, पण त्यानंतर नुसती काळी स्क्रीन आणि माउसचा बाण राहतो, तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडतो का ते पाहावे. उघडला, तर विंडोज आत जिवंत आहे, आणि तेथूनच ‘एक्सप्लोरर’ हा प्रोग्राम नव्याने चालवला की डेस्कटॉप पुष्कळदा परत येतो. चित्रच गोठले असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्यावर ग्राफिक्स ड्राइव्हर (पडद्यावरील चित्राचे उपकरण चालवणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो आणि उघडी कामे बंद होत नाहीत. हा उपाय आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

आपण समजावून सांगितलेल्या गोष्टींपैकी सर्वांत जास्त वेळा उपयोगी पडलेली गोष्ट शट डाउन आणि रीस्टार्ट यांच्यातील फरकाची आहे. आमचे सहकारी प्रामाणिकपणे सांगत, की संगणक रोज संध्याकाळी बंद केला जातो, तरीही सकाळी तोच मंदपणा आणि तोच अडलेला ब्लूटूथ समोर येतो. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्राइव्हर यांची स्थिती डिस्कवरील हायबरनेशन फाइलमध्ये साठवून ठेवली जाते. सकाळी तीच स्थिती पुन्हा मेमरीत आणली जाते, म्हणून संगणक लवकर सुरू होतो, पण ड्राइव्हरमध्ये अडकलेला दोषही जसाच्या तसा परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे शून्यापासून उभे राहते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली लिहिलेला ‘अप टाइम’ आपण उघडून दाखवला, तेव्हा रोज बंद होणाऱ्या त्या संगणकाचा आकडा अनेक दिवसांचा निघाला आणि कोणाला वेगळे पटवून द्यावे लागले नाही. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन केल्यास पूर्ण बंद होते, हेही आपण त्याच वेळी सांगितले.

दुरुस्तीच्या आधी माहितीची प्रत, हा आपला नियम आपण एकदाही मोडला नाही, आणि या पत्रात मला सर्वांत ठळकपणे तोच नोंदवायचा आहे. हार्ड डिस्क खरखर आवाज करत असेल, साध्या फाइली उघडायला फार वेळ लागत असेल किंवा वाचनाच्या चुका येत असतील, तर अनेकजण लगेच चेकडिस्क (डिस्कमधील चुका शोधणारा विंडोजचा प्रोग्राम) चालवतात. पण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते काम फार ताणाचे असते आणि उरलेसुरले वाचनही त्यात संपू शकते. म्हणून आपण आधी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, विंडोजला जागे न करता कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवली, आणि नंतरच तपासणीला हात घातला. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सहसा सी ड्राइव्हवरच असतात आणि फॉरमॅटमध्ये त्याच सर्वप्रथम जातात, हे तर प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण सतत जोडलेली डिस्क फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत मूळ फाइलींबरोबरच सापडते, हा आपला आग्रहही आम्ही पाळतो. आणि बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या संगणकाची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायला आपण लावले, त्याचे महत्त्व बायोसच्या अपडेटनंतर स्क्रीनने तीच की मागितली तेव्हा सगळ्यांना कळले. ती नसती तर डिस्क शाबूत असूनही आतले काहीच हाती लागले नसते.

सेफ मोडची भीती आपण घालवली. त्या मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक ड्राइव्हर घेऊन उभे राहते. म्हणून नेहमीच्या मोडमध्ये कोसळणारा संगणक तेथे नीट चालला, तर संशय मूळ विंडोजवरून हटून नंतर बसवलेल्या एखाद्या ड्राइव्हरवर किंवा प्रोग्रामवर येतो. आपण यासाठी दिलेले उदाहरण मला फार बोलके वाटले. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर (विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या त्रुटी-पडद्यावर) अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे 85 लाख होती. त्यांपैकी असंख्य संगणक सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीच्या पडद्यावरून सुरू करून, ती एक सदोष फाइल हाताने काढून टाकून पूर्ववत करावे लागले, आणि त्यासाठी विंडोज नव्याने टाकण्याची गरज नव्हती. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट निवडले की ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने सेफ मोडपर्यंत जाता येते, ही वाट आता आमच्याकडे भिंतीवर लिहून लावलेली आहे. नव्या ड्राइव्हरने बिघाड केला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्राइव्हर’ निवडून जुन्यावर येता येते, आणि सिस्टीम रिस्टोअर वैयक्तिक कागदपत्रांना धक्का न लावता प्रोग्राम व सेटिंग्ज मागच्या तारखेला नेते, हेही त्याच ओघात शिकलो.

एका वेळी एकच बदल करायचा, रीस्टार्ट करून पाहायचे आणि वहीत लिहायचे, ही शिस्त आपण लावली. वही ठेवण्याचा कंटाळा सुरुवातीला सगळ्यांनाच आला, पण तिचा लाभ निळ्या स्क्रीनच्या तक्रारीत दिसला. दर वेळी तोच स्टॉप कोड (त्या स्क्रीनवर लिहिलेले त्रुटीचे नाव) आणि त्याच फाइलचे नाव येत असेल तर ड्राइव्हरकडे पाहावे, आणि दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमचा (मेमरीचा) संशय धरून विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी चालवावी, असे आपण सांगितले होते. कोड वहीत लिहिलेले नसते तर हा भेद करताच आला नसता. ज्याने लिहून ठेवले नाही त्यालाही रिलायबिलिटी मॉनिटर मदत करतो, कारण कोणत्या दिवशी काय बसवले आणि कोणत्या दिवशी काय कोसळले हे तो तारखेप्रमाणे शेजारी शेजारी मांडून दाखवतो. हे साधन विंडोजमध्ये इतकी वर्षे असूनही फारसे कोणी उघडत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

मंदपणाच्या बाबतीत आपण अंदाजावर चालू दिले नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांपैकी कोणता भरलेला आहे ते आधी पाहायचे. मेमरी भरली की विंडोज डिस्कचा आधार घेते आणि डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर सगळेच खोळंबते. अशा वेळी स्टार्टअपच्या यादीतील अनावश्यक प्रोग्राम बंद करणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय, आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे हा खर्चाचा पण खात्रीचा उपाय. सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नये, कारण अपडेट आणि तात्पुरत्या फाइली यांना मोकळी जागा लागते. रजिस्ट्री (विंडोज व प्रोग्रामच्या सेटिंग्जचा साठा) स्वच्छ करून वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर आपण ठामपणे नाकारली, आणि ते योग्यच होते. अशा साधनांनी वेग वाढल्याचे मी कोठेही पाहिले नाही, पण त्यांच्यानंतर न उघडणारे प्रोग्राम मात्र पाहिले आहेत. विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्याचा संशय असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने आधी डिझम आणि मग एसएफसी ही विंडोजची दुरुस्ती-साधने चालवावीत, हा क्रम आपण कारणासह सांगितला: एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलते तो साठाच डिझम दुरुस्त करते, म्हणून साठा आधी नीट करायचा.

इतर लहान उपायही पुष्कळ आहेत. छपाई अडकली तर प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबवून रांग रिकामी करावी आणि सेवा पुन्हा चालू करावी. संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, तेव्हा ब्राउझरशी झगडण्यात अर्थ नाही. एकाच संगणकावर प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे म्हणू लागले तर आधी तारीख पाहावी. वीज पूर्ण बंद असताना घड्याळ मदरबोर्डवरील 3 व्होल्टच्या, बहुधा सीआर2032 जातीच्या, बटण सेलवर चालते, आणि तो संपला की तारीख मागे पडून संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात. विंडोजच्या खऱ्या त्रुटी-संदेशात मदतीसाठी फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती फसवणूक समजून ब्राउझर बंद करावा. हे शेवटचे वाक्य आपण आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना ज्या शांतपणे, त्यांना कमीपणा न वाटू देता समजावले, त्यासाठी मी आपला वेगळा ऋणी आहे.

ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते तेथे आपण ‘पाहून सांगते’ असे स्पष्ट म्हटले आणि खरोखरच पाहून सांगितले. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपणार असल्याची सूचनाही आपण पुष्कळ आधी दिली होती, त्यामुळे कोणता संगणक विंडोज 11 ला पात्र आहे, कोणत्यात टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमधून चालू करावे लागेल आणि कोणता बदलावाच लागेल, ही यादी आम्ही घाई न करता तयार करू शकलो. त्या यादीतील राहिलेल्या दोन संगणकांवर लिनक्स बसवण्याचा आपला सल्ला आम्ही स्वीकारला आहे. बॅकअप घेऊन झाले आहेत, वहीत नोंद केली आहे, आणि सवडीने आपण एकदा ती नोंद नजरेखालून घालावी, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
कार्यालयातील एक सहकारी