बाबा, त्या दोन खोल्यांबद्दल

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवता ठेवता बाबा, तुम्ही म्हणालात, "तुम्हा भावंडांना ऐसपैस घर काही देता आलं नाही. तेवढं राहून गेलं." मी "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला. पण तेव्हापासून ते वाक्य माझी पाठ सोडत नाही. फोनवर असलं काही बोलायला गेले की माझा गळा दाटतो आणि आई लगेच तब्येतीची चौकशी सुरू करते. म्हणून पत्र.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. मी नववीत असताना एक मैत्रीण वह्या घ्यायला दारात आली होती आणि मी तिला दारातूनच परत पाठवलं. "घरी पाहुणे आहेत, बसायला जागा नाही," असं खोटं सांगितलं. आई, तू आत होतीस. तू सगळं ऐकलंस, काहीच बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर खिडकीजवळचा कोपरा रिकामा केलेला. ट्रंक भिंतीशी सरकवून तिच्यावर धुतलेली चादर घातलेली. "इथे बसत जा मैत्रिणीला घेऊन," एवढंच म्हणालीस. त्याबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. आज मागते.

पण हल्ली मला राहून राहून वाटतं, त्याआधीची पाच-सहा वर्षं मी त्याच दोन खोल्यांत राहत होते आणि त्या मला लहान वाटल्या नव्हत्या. लहान कधी वाटल्या ते मला नेमकं आठवतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिला स्वतःची खोली होती आणि त्या खोलीला आतून लावता येणारी कडी होती. संध्याकाळी परत आले तेव्हा आपलं घर होतं तसंच होतं, तरी माझ्या डोळ्यांत ते निम्मं झालं होतं. कार्ल मार्क्सने 1849 मध्ये एका वर्तमानपत्रातल्या लेखात अगदी हेच मांडलं आहे: आसपासची घरं लहान असतील तोवर आपलं लहान घर पुरतं, शेजारी महाल उभा राहिला की त्याचंच खोपटं होतं. हे वाचलं तेव्हा मला नववीतली ती संध्याकाळ आठवली.

बरं, सगळ्यांनीच मोठी घरं बांधली तर प्रश्न मिटेल असं वाटतं. तसंही होत नाही. अमेरिकेत 1973 साली नव्या स्वतंत्र घराचा मध्यक आकार 1,500 चौरस फुटांच्या थोडा वर होता, 2015 पर्यंत तो 2,400च्या पुढे गेला. तेवढ्या काळात कुटुंबं लहान होत गेली, म्हणजे माणशी जागा आणखीच वाढली. तरीही क्लेमां बेले या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या उपनगरांचा अभ्यास केला तेव्हा त्याला दिसलं की लोकांचं आपल्या घराबद्दलचं समाधान त्या प्रमाणात वाढलेलंच नाही. आसपास आणखी मोठं घर उभं राहिलं की आधीच्या मोठ्या घरातली माणसंही आपल्या घरावर नाखूश होतात. बाबा, तुम्ही तीन खोल्या घेतल्या असत्या तर मला चौथी दिसली असती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. मला स्वतःला मी ओळखते, म्हणून लिहिते.

कारण लग्नानंतर आम्ही तीन घरं बदलली आणि तिन्ही वेळा एकच घडलं. पहिले काही आठवडे मी दारात उभी राहून नुसती बघत बसायची. प्रकाश किती येतो, भिंती किती स्वच्छ! मग हळूहळू बघणं बंद व्हायचं आणि राहणं सुरू व्हायचं. वर्षभराने त्या घराबद्दल मला विचारलं असतं तर मी गळणाऱ्या नळाबद्दल बोलले असते. प्रकाश तेवढाच येत होता. माझं त्याच्याकडे लक्ष उरलं नव्हतं, इतकंच.

याबद्दल एक संशोधन मला फार पटलं. हार्वर्ड विद्यापीठात पहिलं वर्ष संपताना मुलांना पुढच्या वर्षांसाठी वसतिगृह सोडतीने मिळतं. कुणाच्या वाट्याला देखणी, मोक्याची इमारत येते, कुणाला लांबची, कुणालाच नको असलेली. एलिझाबेथ डन, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी मुलांना आधीच विचारून ठेवलं, अमुक इमारत मिळाली तर तिथे किती सुखी असाल? चांगल्या इमारतीत खूप, वाईट इमारतीत अगदीच कमी, असा मुलांचा अंदाज होता. नंतर प्रत्यक्ष तिथे राहत असताना विचारलं तर दोन्हीकडची मुलं जवळजवळ सारखीच सुखी निघाली. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांनी दिलेलं कारण मी दोनदा वाचलं. अंदाज बांधताना मुलं फक्त इमारतींमधल्या फरकाकडे बघत होती. जे दोन्हीकडे सारखंच असणार होतं, म्हणजे सोबत राहणारे मित्र, ते त्यांनी हिशेबातच धरलं नव्हतं.

आपल्यात "दुरून डोंगर साजरे" म्हणतात, ते मला आजवर फक्त दुसऱ्याच्या डोंगराबद्दल खरं वाटायचं. आता वाटतं, मागे वळून पाहतानाही तेच होतं, फक्त उलट्या दिशेने. घ्यायचं राहून गेलेलं घर लांबून फार मोठं दिसतं आणि ज्यात राहिलो ते घर फार लहान. तुम्ही रविवारी लांबून बघत होता बाबा. दोन खोल्या, पाच माणसं, एवढा हिशेब लांबून दिसतो. दादाचा रात्रीचा अभ्यास चालायचा तेव्हा दिव्याच्या एका बाजूला तुम्ही वर्तमानपत्राचा कागद अडकवायचात, म्हणजे माझ्या डोळ्यांवर उजेड येऊ नये. तो कागद लांबून दिसत नाही. मी त्या कागदाच्या सावलीत झोपून मोठी झाले.

तरी मला खोटं बोलायचं नाही. त्या घरात अडचण होती. आम्हाला अभ्यासाला शांत जागा नव्हती, आणि तुम्हा दोघांना तर भांडायलाही जागा नव्हती. तुमचे मतभेद आम्ही झोपल्यावर कुजबुजत व्हायचे आणि मी जागी असायचे. आईला घटकाभर एकटं बसावंसं वाटलं तर ती गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. हे सगळं "किती छान दिवस होते" म्हणून झाकून टाकणं मला बरोबर वाटत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे बाबा तुम्ही शिकवलंत आणि ते मला कामी आलं. पण काही रात्री आईने पाय पसरलेच नाहीत, हेही मी पाहिलं आहे.

आणि इथे मला माझ्याबद्दल एक सांगायचं आहे. गेलं वर्षभर आई जिन्याची तक्रार करते आहे. पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला, उतरताना गुडघा धरतो. आणि मुख्य रस्ता रुंद झाल्यापासून रात्री गाड्यांचा आवाज. मी प्रत्येक वेळी म्हणत आले, "सवय होईल गं, मनावर घेऊ नकोस." माणसाला सगळ्याची सवय होते अशी माझी समजूत होती. माझ्या तिन्ही घरांनी मला तेच शिकवलं होतं ना.

ते अर्धवट होतं. चांगल्या गोष्टींची सवय होते, काही त्रासांची होत नाही. नील वाइन्स्टाइन या संशोधकाने नवा महामार्ग सुरू झालेल्या वस्तीतल्या लोकांशी चार महिन्यांनी बोलून पाहिलं आणि पुन्हा सोळा महिन्यांनी. आवाजाचा त्रास कमी झालेला नव्हता. पुढे सवय होईल ही आशाच लोकांनी सोडत आणली होती. 1982 सालचा तो अभ्यास मी परवा वाचला आणि मला फार लाज वाटली. आई, तुला समाधानी राहता येत नाही असं नव्हतं. तू सांगत होतीस ते खरं होतं आणि मी तुला समाधानाचा उपदेश करत होते. ज्या बाईने ट्रंकेवर चादर घालून मला बैठकीची जागा करून दिली, तिला मी!

मला वाटतं आम्ही सगळे इथेच चुकतो. आकार, फरशी, दुसऱ्याचं नवीन स्वयंपाकघर, जे वर्षभरात डोळ्यांना दिसेनासं होणार आहे, त्याच्यासाठी आयुष्यभर कुढतो. आणि रोज त्रास देणारी बारीकशी गोष्ट असते, जी एका दुपारी दुरुस्त होऊ शकते, तिला "चालायचंच" म्हणून सोडून देतो. मी स्वतः मोठ्या घराच्या हप्त्यांपायी रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला घालवते आहे. त्या तीन तासांची मला अजून सवय झालेली नाही. ते घर निवडताना मी खोल्या मोजल्या होत्या, प्रवास मोजला नव्हता. आम्ही आता कामाच्या जवळ लहान घर बघतो आहोत. बाबा, हे ऐकून तुम्हाला "मुलीचं उतरतीला लागलं" असं वाटू देऊ नका. मी पूर्ण विचार करून करते आहे, आणि त्या लहान घरात खिडकीजवळ एक कोपरा मी आधीच हेरून ठेवला आहे.

तर, पुढच्या शनिवारी मी दोन दिवसांसाठी येते आहे. जिन्याच्या दुसऱ्या बाजूला कठडा बसवून घ्यायचा आहे. बाबा, तेवढी पायऱ्यांची उंची आणि भिंतीची लांबी टेपने मोजून दादाला कळवा, तो माणूस बघतो आहे. झोपायची खोली मागच्या बाजूला हलवता येईल का, तेही पाहू. कपाट मात्र तुम्ही एकट्याने सरकवू नका. मी आल्यावर दोघं मिळून सरकवू.

आणि आई, ती ट्रंक अजून आहे ना? टाकू नकोस. मला हवी आहे.

कळावे,
तुमची धाकटी